रुळांवरची माणसे, बेटांवरची कला
(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डिप्लोमावाला इंजिनिअर. चित्र-शिल्पावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे तुम्हांला वाटेल. पण या विषयाकडे मला रुळांनीच नेले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

8 मे 1968. पश्चिम ऑस्ट्रेलियात न्यूमनच्या खाणींतले लोहखनिज पोर्ट हेडलंड बंदरात नेण्यासाठी नवा मार्ग टाकला जात होता. त्या दिवशी एका गँगने 11 तास 40 मिनिटांत 7 किलोमीटर मार्ग टाकला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. ज्यांनी भर उन्हात लिंकिंगचे काम करून घेतले आहे, त्यांना या आकड्याचे वजन सांगायला नको. त्या गँगमधले बहुतेक जण टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे होते.

ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक आणि न्यू गिनी यांच्यामध्ये ही बेटे आहेत. मोत्याच्या शिंपल्यांपासून गुंड्या बनत, तोवर तिथल्या पाणबुड्यांना काम होते. प्लॅस्टिकच्या गुंड्या आल्या आणि धंदा बसला. माणसे पोटासाठी मुख्य भूमीवर आली, ऊस तोडू लागली, रेल्वेत लागली. मेर बेटाचे एडी माबो हेही काही काळ रेल्वेत गँगमन होते. त्यांच्याच खटल्यात 1992 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क प्रथम मान्य केला. निकाल ऐकायला मात्र ते हयात नव्हते.

आज या समाजातले बहुसंख्य लोक बेटांपासून दूर राहतात. मग बेट टिकते कशात? त्याचे एक उत्तर केर्न्स शहरात दिसते. तिथे 2009 पासून आदिवासी आणि बेटवासी कलाकारांचा कलामेळा भरतो. ही काही दिवसांपुरतीच चित्रशाळा. भिंती उभ्या राहतात, दिवे लागतात, नाच-गाणे होते आणि मग सारे उतरवून नेतात, अगदी आपल्या मांडवासारखे!

पण तिथे 'बेटांची कला' अशी एकच पाटी लावून काम भागत नाही. एरूबचे कलाकार समुद्रात वाहत आलेल्या टाकाऊ जाळ्यांतून कासवे आणि शार्क घडवतात. ती कामे 2016 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात मांडली गेली. बाडू बेटाचे अलिक टिपोती लिनोलियम कोरून ठसे घेतात. लाकडावरचे वाडवडिलांचे कोरीवकाम त्यांच्या हातून कागदावर उतरले. त्यांचे कलाशिक्षण केर्न्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतले, म्हणजे ते आपल्याच बिरादरीतले म्हणायचे! आणि एरूबचेच केन थायडे यांनी केलेली नाचातली शिरोभूषणे तर आपण मेकॅनिकलवाल्यांनी पाहावीतच. प्लायवूड, पिसे आणि दोऱ्या. दोरी ओढली की शार्कचा जबडा उघडतो आणि मिटतो. 2014 साली त्यांचे प्रदर्शन सिडनीत भरले, तेही रेल्वेच्या जुन्या कॅरेज वर्कशॉपमध्ये. त्या इमारतीत आता कलाकेंद्र आहे.

मित्रहो, या मंडळींनी परमुलखात नोकरी केली, पण प्रत्येक कामाखाली करणाऱ्याचे आणि बेटाचे नाव ठेवले. आपली मुले इथे जन्मली, इथेच वाढली. "गाव कोणते?" असे विचारले की बरीचशी "महाराष्ट्र" म्हणून मोकळी होतात. कुडाळ वेगळे, परांडा वेगळे, मेहकर वेगळे. तिथली भिंतीवरची चित्रे वेगळी, विणकाम वेगळे, ओव्याही वेगळ्या. हे आपण सांगितले नाही, तर त्यांना कोण सांगणार?

म्हणून माझी एक सूचना आहे. पुढील वर्षी ऑर्केस्ट्राची एक रात्र कमी करू. त्या रात्री मांडवात घराघरांतले हाताने केलेले काम मांडू, आजीची गोधडी आणि नातवाचे चित्र शेजारी शेजारी. खाली करणाऱ्याचे नाव आणि गाव लिहू. खिळे, दोऱ्या आणि वायरिंग माझ्याकडे लागले. कार्यकारिणीने विचार करावा, ही विनंती.