अडकणारें बोट



हाताचीं पांच बोटें आपण दिवसभर राबवितों. पण त्यांतलें एक अडून बसलें, म्हणजे भाकरीचा तुकडा मोडतांना किंवा सदऱ्याची गुंडी लावतांना त्याची किंमत कळते. आज ज्या दुखण्याविषयीं मी बोलणार आहें, त्यास डॉक्टर 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. मिटलेलें बोट उघडूं गेल्यास मध्येंच अडतें, आणि जोर केला कीं चाप सुटावा तसें खट्‌कन् सरळ होतें. नोता नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८५० सालीं या विकाराचें वर्णन केलें.

याचें कारण समजून घेणें कठीण नाहीं. बोटें मिटणारे मोठे स्नायू कोपराखालीं असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा तळहातांतून बोटांत जातात, आणि त्या हाडापासून सुटूं नयेत म्हणून वाटेंत त्यांवर कमानीसारखे पट्टे असतात. बोटाच्या मुळाशीं असलेला पहिला पट्टा जाड झाला म्हणजे वाट अरुंद होते, आणि कंडराही तेथें फुगते. नेफ्यांत नाडी ओवतांना नाडीला गांठ असली तर काय होतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. तेंच येथें घडतें. बोट मधल्या सांध्याशीं अडल्यासारखें वाटलें, तरी दुखण्याचें मूळ तळहातांत असतें. सकाळीं हा ताठरपणा अधिक जाणवतो.

चाळिशीनंतर, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस, हा विकार अधिक होतो. जन्मभरांत शंभरांतील दोघांतिघांस तो होतो. मधुमेह असणाऱ्यांत हें प्रमाण दहापर्यंत जातें. आमच्या डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर पाना फिरविणारा कामगार, कात्री चालविणारा शिंपी, कोयत्यानें शहाळें सोलणारा विक्रेता असे किती तरी हात मूठ आवळूनच भाकरी मिळवितात. अशांस 'हाताला विश्रांति द्या' असें सांगणें सोपें; पण ज्याचें हातावर पोट, त्यानें ती घ्यावी कशी?

मी वैद्य नव्हे, शाळामास्तर. निवृत्तीनंतर माझाच उजवा अंगठा अडूं लागला, तेव्हां डॉक्टरांनीं जें समजाविलें, तें असें : विश्रांति सबंध हाताला नको, दुखऱ्या बोटाच्या मुळाच्या सांध्याला हवी. तो सांधा सरळ राहील अशी आधाराची पट्टी सहा ते दहा आठवडे बांधावी. दिवसा कामामुळें जमत नसेल, तर निदान रात्रीं तरी बांधावी. हत्याराच्या मुठीवर कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे बोटें कमी आवळावीं लागतात. कोमट पाण्यांत हात बुडवून बोटें हलकेच उघडमीट करावीं. अडलेलें बोट खटाखट मोडून 'मोकळें' करणें, किंवा दुखऱ्या जागीं तेल लावून जोरानें रगडणें, हें मात्र टाळावें. घासल्यानें सूज वाढते.

एवढ्यानें गुण न आला, तर डॉक्टर त्या पट्ट्यापाशीं स्टिरॉइडचें इंजेक्शन देतात. निम्म्याहून अधिक रोग्यांचें काम एकदोन इंजेक्शनांत भागतें. मधुमेह्यांस गुण कमी येतो, आणि त्यांची साखर कांहीं दिवस वाढते; म्हणून आपला आजार आधीं सांगावा आणि साखर तपासीत राहावें.

शस्त्रक्रिया टाळण्याच्या या प्रयत्नालाही मर्यादा आहे. बोट दुसऱ्या हातानेंही उघडत नसेल, किंवा महिनेन् महिने अडतच असेल, तर आणखी वाट पाहूं नये. दीर्घकाळ वांकलेला सांधा कायमचा आखडूं शकतो. ती शस्त्रक्रिया लहान असते : तेवढीच जागा बधिर करून जाड पट्टा मोकळा करतात. आणि बोट लाल, गरम होऊन सुजलें, जरा सरळ करतांच कळ येऊं लागली किंवा ताप आला, तर तें दुखणें निराळें. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

सारांश, बोट अडूं लागतांच त्याच्याशीं झुंज न घेतां त्याच्या मुळाला स्वस्थता द्यावी. आरंभीं दिलेली थोडी विश्रांति पुढचा मोठा खाडा वांचविते. आणि हातावर पोट असणाऱ्यानें तर ती सर्वांआधीं घ्यावी.