औषधांचे हिशेब कोणी तपासावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांपैकी कशावर तरी बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एक गृहस्थ जरा घुटमळून म्हणाले, "पण आपण डॉक्टर नाही." नाही, हे खरेच आहे. दहावीनंतर मी शाळेचे तोंड पाहिले नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळी सुटेपर्यंतच्या वेळात वाचले. परंतु हिशेब तपासून घेणे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. आमच्या युनियनचा जमाखर्च दरवर्षी तपासून घ्यावा लागतो आणि तो सरकारकडे पाठवावा लागतो. खजिनदार कितीही सज्जन असो, त्याने स्वतःच "हिशेब बरोबर आहे" असे लिहून सही करावी, हे आमचा अडाण्यांतला अडाणी सभासदही चालू देणार नाही. मग ज्या गोळ्या आपण पोटात घेतो, त्यांचे हिशेब कोण तपासतो? आज त्याबद्दलच बोलावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देतो. 2009 सालच्या ऑगस्टची आठवण आपणांपैकी पुष्कळांना असेल. स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू त्या महिन्यात पुण्यात झाला. नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, तोंडाला रुमाल बांधल्यावाचून कोणी बाहेर पडेना. टॅमिफ्लू हे नाव तोवर कोणी ऐकलेले नव्हते. आठ दिवसांत ते पानपट्टीवाल्याच्याही तोंडी झाले. मी तेव्हा एका कारखान्यातील युनियनचे काम पाहत होतो. प्रत्येक कामगारासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी ह्या गोळ्यांचा साठा व्यवस्थापनाने करावा, अशी मागणी आम्ही केली. व्यवस्थापनाने ती फेटाळली, तेव्हा आम्ही एक दिवस कँटीनवर बहिष्कार टाकला. माझे त्या दिवशीचे गेटसभेतील भाषण फार गाजले. गोळी नाकारणे म्हणजे प्राण नाकारणे, असे काहीसे मी बोललो होतो.

ती गोळी नेमके काय करते, हे त्या गेटवर कोणालाही माहीत नव्हते. मला नव्हते, व्यवस्थापनाला नव्हते, आणि मागाहून कळले की मोठमोठ्या सरकारांनाही नीटसे नव्हते. ब्रिटनच्या सरकारने ह्या एका औषधाच्या साठ्यावर चाळीस कोटी पौंडांहून अधिक खर्च केला होता. अमेरिकेचा खर्च एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेला होता.

ती हकीकत पुरी करण्यापूर्वी मला एका माणसाची ओळख करून दिली पाहिजे. त्याचे नाव आर्ची कॉक्रन. 1909 साली स्कॉटलंडमध्ये जन्म, घर खाऊनपिऊन सुखी. वैद्यकाचा अभ्यास अर्धा टाकून तो 1936 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या पथकात दाखल झाला. विद्यार्थिदशेत एका मोर्चात त्याने स्वतःचा एक फलक धरला होता. त्याचा आशय असा की, जो उपचार गुणकारी आहे तो सर्वांना मोफत मिळाला पाहिजे. 'सर्व उपचार' असे त्याने लिहिले नव्हते, 'गुणकारी उपचार' असे लिहिले होते. आम्ही मंडळी मोर्चांत आयुष्य घालविलेली. पण घोषणेत असा एक शब्द वाढवून ठेवण्याची अक्कल आम्हांला कधी सुचली नाही. अर्थात त्या मोर्चातही त्या फलकाकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

1941 मध्ये क्रीट बेटावर तो जर्मनांच्या हाती सापडला. सॅलोनिका येथील युद्धकैद्यांच्या छावणीत हजारो माणसे अर्धपोटी होती आणि त्यांचे पाय सुजू लागले होते. हा कैदी-डॉक्टर स्वतःही त्यांतलाच एक. त्याने वीस रोगी निवडले, दहा-दहा जण दोन खोल्यांत ठेवले, एका खोलीला यीस्ट दिले आणि दुसरीला क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. चौथ्या दिवसापासून यीस्टवाल्यांत फरक दिसू लागला. तो कागद घेऊन तो जर्मन अधिकाऱ्यांपुढे गेला आणि यीस्ट मिळविले. ही चाचणी शास्त्राच्या दृष्टीने कच्ची होती, हे तो पुढे स्वतःच सांगत असे. पण विनवण्यांनी न हललेले अधिकारी दोन खोल्यांच्या तुलनेने हलले, ही गोष्ट खरी.

युद्धानंतर तो दक्षिण वेल्समध्ये कोळसा-खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांचे संशोधन करणाऱ्या केंद्रात आला. येथे माझा आणि त्याचा धागा जुळतो. धुळीने छाती भरलेला कामगार मी जवळून पाहिला आहे. आमचा एक साचेकाम करणारा सभासद खोकून खोकून खंगला. कारखान्याच्या डॉक्टरने 'क्षय' असे लिहिले, म्हणजे नुकसानभरपाईचा प्रश्नच मिटला. आम्ही नेलेल्या डॉक्टरने 'सिलिकोसिस' लिहिले. एक्स-रे तोच, माणूस तोच. त्याची बायको मला म्हणाली, "अण्णा, दोघांनी एकच फोटो बघितला ना?" मजजवळ उत्तर नव्हते. आमच्या डॉक्टरची फी आम्ही दिली होती, त्यांच्या डॉक्टरला पगार ते देत होते.

वेल्समधील त्या केंद्राने हाच प्रश्न हाती घेतला होता. एकच एक्स-रे निरनिराळ्या डॉक्टरांना, किंवा त्याच डॉक्टरला पुन्हा काही दिवसांनी दाखविला, तर निदानात किती फरक पडतो, हे त्यांनी मोजून पाहिले. आणि फरक पुष्कळ पडला. डॉक्टर लबाड नसतानाही पडला. ऱ्होंडा फाक नावाच्या खोऱ्यात 1950 पासून कॉक्रनने घरोघर हिंडून खाणकामगार आणि माजी खाणकामगार यांच्या छातीचे एक्स-रे काढविले. शंभरात नव्वदांहून अधिक माणसे त्याने गाठली. जो घरी सापडत नाही किंवा येत नाही, तोच बहुधा अधिक आजारी असतो, म्हणून शेवटच्या दहांसाठीही चिकाटी धरली पाहिजे, हा त्याचा आग्रह. सभासदनोंदणी करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो.

1972 साली त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. उपचार खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरविण्यासाठी, रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावे आणि तुलना करावी, हा त्याचा मुख्य मुद्दा. चिठ्ठ्या कशाला? डॉक्टरच्या हाती निवड ठेवली, तर तो नकळत धडधाकट माणसे नव्या औषधाच्या गटात घालतो म्हणून. पुढे 1979 मध्ये त्याने आपल्या व्यवसायबंधूंना टोला दिला की, अशा सर्व चाचण्या गोळा करून, विषयवार तपासून, वेळोवेळी सुधारलेला आढावा तुम्ही अजून तयार केलेला नाही.

हे काम अंगावर घेतले इयन चामर्स नावाच्या डॉक्टराने. तरुणपणी तो गाझामधील निर्वासितांच्या छावण्यांत काम करीत होता. गोवर हा विषाणूचा रोग, त्यावर प्रतिजैविके देऊ नयेत, असे त्याला शिकविलेले. त्याने ती दिली नाहीत, आणि काही मुले मागाहून जडलेल्या संसर्गाने दगावली. अशा मुलांना प्रतिजैविकांचा उपयोग होतो असे दाखविणाऱ्या चाचण्या त्यापूर्वीच झाल्या होत्या, हे त्याला फार उशिरा कळले. 1992 साली ऑक्सफर्डला कॉक्रन केंद्र उघडले आणि 1993 मध्ये 'कॉक्रन कोलॅबोरेशन' ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. ज्याचे नाव दिले, तो आर्ची 1988 मध्येच वारला होता.

ही संस्था नफ्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये ती धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे. ती स्वतः औषध शोधत नाही, विकत नाही. एखाद्या उपचारावर जगभर झालेल्या चाचण्या, छापलेल्या आणि शक्य तर न छापलेल्याही, ती शोधून काढते. त्यांतील कोणती भरवशाची, कोणती कच्ची, हे दोन तपासनीस एकमेकांपासून स्वतंत्रपणे ठरवितात, आणि मग एकत्रित निष्कर्ष काढला जातो. पद्धत आधी लिहून जाहीर करावयाची, म्हणजे उत्तर पाहून मोजपट्टी बदलता येत नाही. लिहिणारे बहुतेक विनावेतन काम करतात. (विनावेतन कामाविषयी मला बोलावयाचे आहे, पण ते अंमळ पुढे.)

तिच्या बोधचिन्हात सात आडव्या रेघा आहेत. दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा संभव असलेल्या मातेला स्टेरॉइडचे स्वस्त इंजेक्शन दिले तर बालक वाचते काय, याच्या त्या सात चाचण्या. पहिली 1972 साली न्यूझीलंडमधून प्रसिद्ध झाली. एकेक रेघ पाहिली तर बहुतेक वेळा निश्चित काही सांगता येत नाही. सातही एकत्र मांडल्या की लाभ लख्ख दिसतो. अशी पद्धतशीर मांडणी 1989 पर्यंत झाली नाही. मधल्या काळात जी अर्भके वाचू शकली असती ती गेली, आणि ज्ञान ग्रंथालयांतून तुकड्या-तुकड्यांनी पडून होते.

पण ह्याच औषधाची दुसरी बाजू आपल्या घरची आहे. खेड्यापाड्यांतून, लहान केंद्रांतून तेच इंजेक्शन सरसकट देण्याची योजना सहा देशांत करून पाहण्यात आली. त्यांत आपले नागपूर आणि शेजारचे बेळगाव होते. 2015 साली निष्कर्ष आले: जेथे योजना राबविली तेथे नवजात बालकांचे मृत्यू एकंदरीत कमी झाले नाहीत, उलट दर हजारी सुमारे साडेतीनने वाढले. ज्यांचे दिवस जवळजवळ भरले होते अशा पुष्कळ मातांनाही इंजेक्शन मिळाले होते. पुढे 2020 मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, दिवसांची खात्री करून आणि अर्भकाची नीट देखभाल ठेवून, पुन्हा चाचणी झाली, तेव्हा मृत्यू खरोखरच घटले. ऑक्सफर्डमधील बेरीज चुकीची नव्हती. पण ती आपल्याकडे लागू करताना, ज्या रुग्णालयाच्या आधारावर ती उभी होती ते रुग्णालय गृहीत धरता येत नाही.

आता टॅमिफ्लू. कॉक्रनच्या आढाव्यानेच 2006 मध्ये म्हटले होते की, ह्या गोळीने फ्लूनंतरच्या गुंतागुंती कमी होतात. 2009 च्या जुलैमध्ये केइजी हायाशी नावाच्या एका जपानी बालरोगतज्ज्ञाने शंका विचारली: हा निष्कर्ष ज्या लेखावर उभा आहे, त्यात दहा चाचण्यांची बेरीज आहे, पैकी आठ पूर्ण स्वरूपात कोठे छापलेल्याच नाहीत, तुम्ही त्या पाहिल्या काय? पाहिल्या नव्हत्या! येथे संस्थेचा मोठेपणा मला दिसतो. टॉम जेफरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपली चूक झाकली नाही, मूळ कागद मागितले. रोश कंपनीने गुप्ततेच्या अटी पुढे केल्या. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तो झगडा उघडा केला. चार वर्षे पत्रापत्री चालली, आणि 2013 मध्ये कंपनीने संपूर्ण अहवाल दिले. 

2014 च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष आला. प्रौढ माणसाची फ्लूची लक्षणे सात दिवसांऐवजी सुमारे सव्वासहा दिवसांत जातात. रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटते असा पुरावा नाही. मळमळ आणि वांत्या वाढतात. रोशला हे मान्य झाले नाही, आणि रुग्णालयातील गंभीर रोग्यांना लाभ होतो असे म्हणणारे दुसरे अभ्यासही आहेत; त्यांतील काहींना पैसा त्याच कंपनीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत ह्या औषधाला मुख्य यादीतून पूरक यादीत उतरविले. तेव्हा पाऊण दिवसाच्या आरामासाठी मी कँटीन बंद पाडली होती. त्या वेळी मला हे कोणी सांगितले असते तर मी त्याला मालकाचा माणूस म्हटले असते, हेही येथे सांगून टाकतो.

ही संस्था म्हणजे देव्हारा नव्हे. 2018 च्या सप्टेंबरात तिच्या नियामक मंडळाने आपलाच एक संस्थापक सभासद, डेन्मार्कचा पीटर गोत्शे, याला वर्तनाच्या कारणावरून काढून टाकले. मते सहा विरुद्ध पाच पडली. चार सभासदांनी निषेधार्थ राजीनामे दिले. त्याचे म्हणणे असे की, संस्था व्यापारी वळणाने चालली आहे, टीका सहन करीत नाही. संस्थेचे म्हणणे, प्रश्न मतांचा नसून वागणुकीचा आहे. मी स्वतः युनियनमधून माणसे काढण्याच्या बाजूनेही आणि विरुद्धही मते दिली आहेत. एका मताने काढलेला माणूस बाहेर जातो, पण भांडण आतच राहते.

आणि पैसा. आढाव्याला औषधकंपनीचा पैसा घ्यावयाचा नाही, असा नियम संस्थेने 2004 च्या सुमारास घट्ट केला. मग खर्च कोण करतो? मुख्यतः सरकारे, आणि तिच्या ग्रंथालयाची वर्गणी. ब्रिटनच्या सरकारी संशोधनसंस्थेने तेथील आढावा-गटांचे अनुदान 2023 च्या मार्चअखेर बंद केले. वर्षानुवर्षे संपादनाचे काम केलेली माणसे उठली. विनावेतन लिहिणाऱ्यांचे कौतुक होते, परंतु त्यांना सांभाळणारा पगारी कारकून ठेवावयास पैसा नसतो. हे मी आमच्या कचेरीतही पाहिले आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2007 साली वर्गणी भरून ते ग्रंथालय सबंध देशाला मोफत खुले केले होते. ह्या सभागृहातील किती जणांना ते कळले होते? मला तर ते दहा वर्षांनी कळले.

गेल्या करारात कामगारांच्या वार्षिक तपासणीचा विषय निघाला. कंपनीच्या डॉक्टरांनी नव्या रक्ततपासण्यांची लांबलचक यादी आणली. आमच्या समितीतील एका वेल्डरने, ज्याला मी हे सारे सांगून कंटाळविले होते, हात वर करून विचारले, "डॉक्टरसाहेब, यांतल्या कुठल्या तपासणीनं माणूस जास्त जगतो, असं कुणी चिठ्ठ्या टाकून बघितलंय का? आणि बघितलं असेल तर पैसे कुणी दिले होते?" डॉक्टर प्रथम रागावले. पुढच्या बैठकीला ते आले तेव्हा यादी निम्मी झाली होती. आणि तिच्याबरोबर एक कागद होता, त्यावर त्यांनी आपल्या हाताने प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहिले होते. दोन नावांपुढे लिहिले होते, 'माहीत नाही.' त्या दोन तपासण्या ठेवाव्यात की नाही, यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.