रोजची एक गोळी

शस्त्रक्रियेचा वण भरून येतो, मूल पुन्हा गुहागरच्या पुळणीवर धावू लागते आणि घरच्यांना वाटते, दुखणे सरले. शेजारच्या एका आईने मला हेच विचारले, "सर, पोरगं आता धडधाकट आहे, मग ही गोळी कशाला?" मी डॉक्टर नव्हे, मास्तर. पण डॉक्टरांकडून समजून घेऊन तिला जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

घसा दुखण्याच्या साध्या निमित्ताने काही मुलांना सांधेताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा जायबंदी होऊ शकतात. दुरुस्ती जमली नाही, तर कृत्रिम झडप बसवतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवली गेली. अशी यांत्रिक झडप टिकाऊ खरी, परंतु रक्ताला ती परकीच. तिच्यावर गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. म्हणून वॉरफेरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावयाची.

गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. सारी मेख आहे ती या मापात. ते आय.एन.आर. नावाच्या रक्ततपासणीत कळते. एरवी हा आकडा १ च्या आसपास असतो. अशा मुलांत तो बहुधा २ ते ३.५ च्या दरम्यान, डॉक्टर ठरवतील तिथे ठेवतात. मूल वाढते, तसे मापही बदलते. तेव्हा चिपळूणच्या खेपेत एक दिवसाची मजुरी बुडाली तरी तपासणी चुकवू नका.

पालेभाजीतले 'के' जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते. म्हणून भाजी बंद करू नका. पण पावसाळ्यात रोज टाकळा नि एरवी पाल्याचे नावही नाही, असे नको. ॲस्पिरिन, झाडपाल्याचे औषध, दंडात सुई, काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. गोळी विसरली, तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, असे मूल वर्गात असेल तर ते आपल्याला ठाऊक असू द्या. डोक्याला मार, न थांबणारा घोळणा, काळी शौच, एकाएकी वळलेली बोबडी, यांपैकी काहीही दिसताच तडक रुग्णालय गाठा. कबड्डी नको, पण म्हणून पोराला पडवीत एकटे बसवू नका. डॉक्टरांना विचारून धावू द्या, खेळू द्या.

ती आई आता रोज रात्री गोळी दिली की दिनदर्शिकेवर एक फुली मारते. औषध फुकट जात नाही, याची ती खूण.