ओळखपत्र आणि ओळख
(संस्थेच्या शहादा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल! आम्ही त्याला नावे ठेवायला उभे राहिलेलो नाही. आमच्या लहानपणी वस्तीत एखाद्याच घरी रेडिओ होता. पुढे गावात टीव्ही आला, तेव्हा आम्ही तो दुसऱ्याच्या ओट्यावर उभे राहून, खिडकीतून पाहिला. आत या, असे कुणी म्हटले नाही. म्हणून आज आपल्या मुलीच्या हातात स्वतःचा फोन पाहिला की आम्हांला आनंदच होतो.

साधनाचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' निघाले. पैशांची चणचण कायम होती. तरीही पत्रे निघाली, कारण ज्यांना बोलू दिले जात नव्हते, त्यांचे म्हणणे जगापुढे मांडायचे होते.

आज प्रत्येकाच्या हातात जणू एकेक छापखाना आहे. आपण त्यातून काय छापतो?

मित्रहो, १ जुलै २०१८ चा रविवार आठवा. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, त्याला त्या दिवशी बरोबर २० वर्षे झाली होती. त्याच दिवशी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही भटकी माणसे भिक्षेसाठी फिरत होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. मारणारे गरीब, मरणारेही गरीब!

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता आली. आपल्या बोटाला मर्यादा कोण घालणार?

खरे सांगतो, तसला संदेश आमच्याही फोनवर आला होता. आम्ही तो पुढे पाठवला नाही. परंतु 'हे खोटे आहे' असेही कुणाला सांगितले नाही. बाबासाहेबांनी मुक्यांना वाचा दिली. आणि आम्ही वाचा असून मुके राहिलो. ही बोच अजून गेलेली नाही.

देशातील पहिले आधार ओळखपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. ओळखपत्र यंत्र देऊ शकते, ओळख देऊ शकत नाही. दारात आलेल्या माणसाला 'दादा, कुठले तुम्ही? पाणी घेता का?' असे विचारले, तरच ओळख होते. राईनपाड्याला हे दोन शब्द कमी पडले.

आणि घरात तरी काय चालले आहे? आपल्यातील एक ज्येष्ठ उपासक वारले, तेव्हा आमच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे संदेश भराभर येऊन पडले. खांदा द्यायला मात्र माणसे शोधावी लागली. संदेश पाठवला म्हणजे कर्तव्य संपले, असे आम्हीच आम्हांला समजावले होते.

तथागतांनी सम्यक वाचा सांगितली. असत्य, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड या चार गोष्टी टाळायच्या. विद्यार्थी मित्रहो, संदेश पुढे पाठवण्यापूर्वी ही चाळणी लावा. खोटे दिसले तर गप्प बसू नका. घरात, गल्लीत तोंडाने सांगा. शंका असेल तर पोलीस ठाण्यात विचारा.

आमची एक सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर एका विद्यार्थ्याने वृत्तपत्र मोठ्याने वाचावे. वडीलधाऱ्यांनी आठवड्यात आलेले संशयास्पद संदेश तेथे दाखवावेत. आणि जो दोन रविवार आला नाही, त्याला फोन न करता त्याच्या दारी जावे.

साधन आपल्या हाती आले आहे. आता माणूस हातचा जाऊ देऊ नका, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!