एका कमानीच्या दोन कमानी

जबलपूरच्या बडा फुहारा भागात, सराफ्याजवळ, कमानिया गेट उभे आहे. १९३९ साली त्रिपुरीस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्मारक. त्याखालून रोज कामाला जाणारा एखादा सोनार डोळ्यांपुढे आणावा. त्याला अपस्मार आहे. पण औषध सुरू झाल्यापासून झटका आलेला नाही. एके दिवशी मात्र त्याला त्या एका कमानीच्या दोन कमानी दिसू लागतात. डाख देताना एका तारेच्या दोन होतात, चालताना झोक जातो. शेजारी म्हणतात, ‘आज सकाळपासूनच वाटतं!’ बिचाऱ्याने दारूला कधी स्पर्शही केलेला नसतो. या बोलण्याला कंटाळून गोळ्याच सोडून द्याव्या, असे त्याच्या मनात येते.

घात होतो तो येथे. औषध एकाएकी थांबले, तर झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतू शकते.

वास्तविक दोष डोळ्यांचा नसतो. दोन्ही बुबुळे एका लक्ष्यावर स्थिर राखण्याचे काम लहान मेंदू आणि मेंदूचा देठ करतात. मेंदूतील उसळी शमविणारे औषध प्रमाणाबाहेर गेले की हा लगामही सैल होतो. फेनिटॉइनचेच पाहा. १९३८ साली मेरिट आणि पटनम यांनी अपस्मारावर त्याचा उपयोग दाखवून दिला. रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये ते साधारणतः १० ते २० मायक्रोग्रॅम असावे. २० च्या पुढे बाजूला पाहताना बुबुळे थरथरू लागतात. ३० च्या सुमारास तोल जातो. मात्रेचे गणितही सरळ नाही. यकृताची शक्ती संपत आली की मात्रा थोडीशीच वाढवावी आणि रक्तातील प्रमाण दुपटीवर जावे, असे घडते. क्षयावरील आयसोनियाझिडनेही ते चढते.

कार्बामाझेपिनची दुहेरी दृष्टी बहुधा गोळीनंतर काही तासांनी येते व ओसरते. तीच मात्रा विभागून दिली तरी पुष्कळदा भागते. सगळीच औषधे मात्र इतकी क्षमाशील नाहीत. व्हिगाबॅट्रिनने दृष्टीच्या कडा कायमच्या आक्रसू शकतात आणि रुग्णाला ते कळतही नाही. म्हणून नेत्रतपासणी ठरावीक काळाने व्हावीच लागते. टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोळा दुखून लाल झाला व दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे.

आपला सोनार गोळ्या न सोडता डॉक्टरांपुढे जाऊन बसतो. ते त्याच्यासमोर बोट धरून हळूहळू कडेला नेतात, बुबुळांकडे पाहतात आणि विचारतात, ‘मध्यंतरी दुसरे काही औषध सुरू केले होतेत का?’