हायड्रोजनचे अर्थकारण आणि कोयनेचा धडा

(कराड येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या या नगरीत ऊर्जेविषयी बोलताना कोयना प्रकल्पाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९६२ साली कोयनेची वीज मिळू लागली आणि राज्याच्या कारखानदारीला बळ आले. आज आपण हायड्रोजनच्या उंबरठ्यावर उभे आहोत.

हायड्रोजन आपल्याला नवखा नाही. उसाला घातल्या जाणाऱ्या युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. थळ येथील खत कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून मिळतो. विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढण्याची रीतही जुनीच. पंजाबात नांगलच्या खत कारखान्यात साठच्या दशकात भाक्रा-नांगलची वीज त्यासाठी वापरली जात असे. ही वीज सूर्य, वारा यांसारख्या अक्षय स्रोतांपासून आली, म्हणजे त्यास हरित हायड्रोजन म्हणतात.

केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले.

पाण्याचे काय, असा प्रश्न शेतकरी प्रथम विचारतो. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक हिशेबाने नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण व शीतकरण यांचे पाणी वेगळे. ५० लाख टनांचा हा रासायनिक हिशेब सुमारे १.६ टीएमसी होतो. एकट्या कोयना धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसी आहे. देशाच्या मानाने ही गरज मोठी नाही. परंतु कारखाना जत किंवा माणसारख्या दुष्काळी तालुक्यात आला, तर तीच गरज गावाच्या तोंडचे पाणी पळवू शकते.

विजेची गरज मात्र फार मोठी आहे. किलोमागे सुमारे ५० युनिट वीज लागते. देशाच्या उद्दिष्टासाठी सुमारे १,२५,००० मेगावॉट क्षमतेची नवी उभारणी अपेक्षित आहे. त्यासाठी पठारे, माळराने आणि गायराने लागतील. म्हणून हायड्रोजनचा खरा प्रश्न जमिनीचा आणि तिच्यावर जगणाऱ्या माणसांचा आहे.

येथेच कोयनेचा धडा उपयोगी पडतो. ज्यांच्या जमिनी जलाशयात गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दशकानुदशके रेंगाळले. राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे वीज वाहू लागल्यानंतर चौदा वर्षांनी. हा क्रम आता उलटला पाहिजे: आधी हक्क, मग प्रकल्प.

त्यासाठी चार गोष्टी आवश्यक वाटतात. पाणी व जमीन यांचा हिशेब ग्रामसभेपुढे मराठीत मांडला जावा. गायरानाच्या मोबदल्यात गावाला एकरकमी रकमेऐवजी उत्पन्नाचा कायम वाटा मिळावा; सहकारी साखर कारखाने उभारणाऱ्या या भागाला भागीदारीची रीत शिकवावी लागणार नाही. स्थानिक तरुणांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हे तंत्र शिकवावे. आणि सुरक्षिततेत कसूर नसावी, कारण हा वायू गंधहीन असून त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही.

कोयनेने महाराष्ट्राला प्रकाश दिला. नव्या ऊर्जेचा प्रकाश तिच्यासाठी जमीन देणाऱ्याच्या घरी सर्वांत आधी पोहोचावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.