नाव उतरलेले वादळ

१९५४ सालच्या ऑक्टोबरची १५ तारीख. त्या दिवशी सकाळी ‘हेझेल’ नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर व दक्षिण कॅरोलायनाच्या सीमेपाशी, जमिनीवर चढले. हैतीमध्ये शेकडो बळी घेऊन ते आले होते. तेथून कॅनडातील टोरांटो शहर हजार किलोमीटरांहून दूर, आणि वाटेत अ‍ॅपलेशियन पर्वताच्या रांगा. रात्री साडेनऊच्या सुमारास तेथील हवामान कार्यालयाने जाहीर केले की, वादळाचा जोर ओसरला असून त्याला यापुढे ‘हरिकेन’ म्हणण्याचे कारण नाही.

त्याच रात्री हंबर नदीच्या पुराने रेमोर ड्राइव्ह या रस्त्यावरची घरेच्या घरे वाहून नेली. त्या एका रस्त्यावर ३५ माणसे मरण पावली; कॅनडात एकंदर ८१.

हवामान कार्यालय खोटे बोलले नव्हते. वादळाचे जुने रूप खरोखरच सरले होते. पण रूप सरणे म्हणजे वादळ सरणे नव्हे, एवढेच त्या निवेदनातून लोकांच्या ध्यानी आले नाही.

उष्ण कटिबंधातील चक्रीवादळ समुद्राच्या उबेवर जगते. ऊन पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग बनतात, आणि ढग बनताना सुटलेली उष्णता वादळाच्या गाभ्याला ऊब देते. असे वादळ साधारण वर्तुळाकार असते आणि सर्वांत प्रखर वारा डोळ्याच्या भोवतीच घोंघावतो. उत्तरेकडे सरकता सरकता ते पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या पट्ट्यात शिरले म्हणजे सारेच पालटते. खालचे पाणी थंड होते. वरचे वारे खालच्यांहून कितीतरी वेगाने वाहत असल्यामुळे उभा मनोरा कलतो. पश्चिमेकडून थंड, कोरडी हवा आत घुसते, आणि पूर्वेची दमट हवा तिच्यावर चढू लागते. आता वादळाला शक्ती मिळते ती या ऊन आणि थंड हवेच्या भेटीतून. चूल तीच राहिली, सरपण बदलले, असे म्हणावे. मध्यावरचा वारा मंदावतो, पण वादळाचा पसारा वाढतो, चाल दुप्पट-तिप्पट होते, आणि उत्तर गोलार्धात मुसळधार पाऊस मार्गाच्या डाव्या अंगाला सरकतो.

हेझेलने किनाऱ्यापासून टोरांटोपर्यंतचा प्रवास एका दिवसातच उरकला. तेथे थंड हवेशी त्याची गाठ पडली. शहराच्या पश्चिमेस काही ठिकाणी दोन दिवसांत २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. आधीच्या पावसाने जमीन भिजून तृप्त होती, ती आणखी काय पिणार? पुढे नदीकाठच्या सखल जमिनी सरकारी संस्थांनी ताब्यात घेतल्या, आणि रेमोर ड्राइव्हच्या त्या भागात आज उद्यान आहे.

आपल्याला ही अवस्था पाहावयास मिळत नाही. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही उत्तरेकडे जमिनीने बंद झालेले, आणि त्या जमिनीमागे हिमालय. आपली वादळे किनारा ओलांडून विझतात. त्यामुळे ‘जमिनीवर आले, आता निभावले’ ही आपली समजूत बहुधा खरी ठरते. अटलांटिकमध्ये मात्र जवळजवळ निम्मी चक्रीवादळे हे रूपांतर अनुभवतात.

२०१२ सालच्या ऑक्टोबरात ‘सँडी’ वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा तोच पेच पुन्हा उभा राहिला. किनाऱ्याला लागण्यापूर्वी ते हरिकेन राहणार नाही असा अंदाज होता; म्हणून मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने त्या भागासाठी हरिकेनचा इशारा दिला नाही. इतर इशारे देण्यात आले, पण हरिकेन या शब्दाचा धाक त्यांना कोठून येणार? २९ तारखेच्या संध्याकाळी वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा त्याचा घेर दीड हजार किलोमीटरांच्या घरात होता, आणि त्याने लोटलेले समुद्राचे पाणी न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत शिरले. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्या केंद्राने आपला नियम बदलला: वादळाची जात बदलली तरी, धोका असेतोवर, हरिकेनचा इशारा कायम ठेवता येईल.